कोकणातल्या छोट्या कारखान्यात कामगार-आरोग्याचा कार्यक्रम : सुरुवात कुठून करावी, खर्च कसा मोजावा

कोकणातल्या काजू, आंबा आणि मासळी प्रक्रिया उद्योगांत कामगारांच्या आरोग्याचा विषय बहुधा बाहेरून येतो. निर्यातीचे गिऱ्हाईक ऑडिटच्या वेळी त्याबद्दल विचारणा करते, किंवा विम्याचा प्रतिनिधी एखादे पॅकेज घेऊन येतो. मग घाईने एक शिबिर भरते, २१ जूनला योग दिनाचे फोटो निघतात आणि झालेला खर्च हिशेबात 'इतर' या सदराखाली जाऊन बसतो. आंब्याचा हंगाम बिघडला की पुढच्या वर्षी पहिली कात्री त्याच सदराला लागते, आणि ती का लावू नये याचे उत्तर कोणाजवळ नसते, कारण त्या खर्चाने काय परत आले हे कोणी मोजलेलेच नसते.

हा लेख असा कार्यक्रम पहिल्यांदाच सुरू करणाऱ्या मालकांसाठी, व्यवस्थापकांसाठी आणि कारखान्यात नव्याने मनुष्यबळाचे काम हाती घेतलेल्यांसाठी आहे. वीस-पंचवीस बायका काम करत असलेला वेंगुर्ल्याचा काजू कारखाना, रत्नागिरीतले मासळी प्रक्रिया केंद्र, कुडाळच्या एमआयडीसीतले छोटे युनिट किंवा तारकर्लीचे हॉटेल, यांपैकी कोणालाही यातल्या पायऱ्या लागू पडाव्यात. माझे मत आधीच सांगतो: अशा कार्यक्रमाचे पैसे परत येतात ते कामाची जागा, कामाची वेळ आणि कामाची पद्धत दुरुस्त केल्याने. कामगाराला चांगल्या सवयी शिकवण्याच्या उपक्रमांतून ते क्वचितच येतात.

या मताला आधार आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. काहींना तपासणी, बक्षिसे आणि आरोग्यवर्गांचा कार्यक्रम दिला, इतरांना दिला नाही. पहिल्या वर्षात वैद्यकीय खर्चात किंवा उत्पादकतेत ठळक फरक दिसला नाही. मात्र स्वखुशीने भाग घेणारे लोक मुळातच अधिक निरोगी होते, हे स्पष्ट झाले. बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी विक्रीसाखळीच्या १६० ठिकाणच्या सुमारे तेहतीस हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर कार्यक्रम मिळालेल्या ठिकाणचे लोक 'आम्ही जास्त व्यायाम करतो' असे सांगत होते, पण रक्तदाब, वजन, गैरहजेरी आणि औषधपाण्याचा खर्च यांत फरक नव्हता. यावरून आरोग्यावरचा खर्च वाया जातो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याच काळात भारतात झालेल्या काही अभ्यासांनी खर्च कुठे फळाला येतो हे चांगले दाखवले आहे, आणि त्यांचा उल्लेख पुढे त्या त्या ठिकाणी येईल.

पहिली पायरी : मस्टर उघडा

कोणतीही खरेदी करण्याआधी गेल्या बारा महिन्यांचे हजेरीपुस्तक समोर घेऊन बसावे. व्यवसायाचा पैसा चार वाटांनी गळतो: माणूस येत नाही, माणूस काम सोडून जातो, माणूस येतो पण दुखत-खुपत अर्धेच काम करतो, आणि अपघात किंवा चुकीमुळे माल खराब होतो. यांपैकी पहिल्या दोन वाटा मस्टरमध्ये दिसतात, फक्त त्या वाचता याव्या लागतात. आपल्याकडे मुकादम अथवा सुपरवायझर सगळ्यांपुढे एकच 'गै' लिहितो आणि तिथेच माहिती मरते.

कोकणातली गैरहजेरी वाचताना पंचांग आणि शेती ही दोन्ही शेजारी ठेवावी लागतात. शिमग्याला माणसे मिळत नाहीत, मृग लागला की भाताच्या पेरणीची आणि पुढे लावणीची धांदल असते, गणपतीत तर अख्खे गाव घरी असते, आणि नवरात्र-दिवाळीच्या सुमारास कापणी येते. मालवण भागात आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस त्यात धरावेत. ही गैरहजेरी आजारपणाची नाही, आणि कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाने ती कमी होणार नाही. पण लावणीसाठी रजा मागितली तर नकार मिळतो हे माहीत असलेली बाई 'ताप आला होता' असेच सांगणार, आणि मग मालकाला वाटत राहणार की आपल्याकडे जुलैत आजारपण फार.

म्हणून मस्टरमध्ये 'गै'च्या जागी चार खुणा सुरू कराव्यात: सणासाठी 'स', शेतीसाठी 'शे', स्वतःच्या आजारपणासाठी 'आ' आणि घरातल्या मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणासाठी 'घ'. त्याच वेळी लावणी आणि गणपती यांची रजा आधी ठरवून, पाळीपाळीने आणि न कुरकुरता द्यावी. याला एक पैसा लागत नाही. खरे कारण सांगितल्याने नुकसान होत नाही असा अनुभव आला की खुणा खऱ्या होऊ लागतात, आणि 'आ'चा आकडा किती व तो कोणत्या विभागात जास्त हे कळते. शिवाय कोण कधी येणार नाही हे आधी ठाऊक असल्याने मालाची आवक आणि पाठवणी त्यानुसार आखता येते. माझ्या मते कित्येक कारखान्यांत कार्यक्रमातला सर्वांत जास्त परतावा देणारा भाग हाच ठरेल.

काम सोडून गेलेल्यांची यादी वेगळी करावी आणि शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे. उत्तर पुष्कळदा पगाराबाहेरचे निघते. संध्याकाळी जादा काम लागले की गावची शेवटची एसटी चुकते आणि रिक्षाला दिवसाच्या मजुरीतला मोठा भाग जातो, हे त्यातले एक नेहमीचे. सुटण्याची वेळ एसटीशी जुळवून घेणे हा आरोग्य कार्यक्रमाचा भाग वाटत नाही, पण शिकलेला हात टिकतो तो अशा गोष्टींनी.

दुसरी पायरी : विचारा, पण योग्य माणसाकरवी

मालकाने सभा घेऊन 'काही त्रास आहे का?' असे विचारले तर उत्तर 'काही नाही' असेच येते. बायकांच्या विभागात ही चौकशी त्यांच्यातल्याच एखाद्या जुन्या, विश्वासाच्या बाईने किंवा गावच्या आशा सेविकेने करावी. नेपाळमधून अथवा उत्तरेकडच्या राज्यांतून आलेले कामगार असतील तर त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस हवा. प्रश्न थोडे आणि नेमके असावेत: काम संपल्यावर काय दुखते, दिवसात पाणी किती वेळा पिता, कोणत्या कामाला बसायचे म्हटले की नको वाटते, आणि एक गोष्ट बदलायची तर कोणती.

पाण्याचा प्रश्न मुद्दाम विचारावा. जिथे संडास लांब असतो, अस्वच्छ असतो किंवा पुरुषांच्या वावरातून जावे लागते तिथे बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. 'मगे जावचा खय?' असा त्यांचा सरळ सवाल असतो. याचा परिणाम म्हणजे लघवीची जळजळ, ताप, दुपारनंतरची डोकेदुखी आणि महिन्याच्या ठराविक दिवसांत हमखास दांडी. बायकांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारा, पाण्याची सोय आणि झाकणाची बादली असलेला संडास, त्याची रोजची सफाई आणि ती सफाई कोणाच्या नावावर आहे याचा कागद, एवढे झाले की बाकीच्या योजनांना अर्थ येतो. एखाद्या आहारतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवण्याआधी हे करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरी पायरी : कायद्याने जे द्यायचेच आहे ते आधी द्या

कायद्याची सक्ती असलेली सोय 'कल्याणकारी उपक्रम' म्हणून मिरवू नये. कामगारांना ते कळते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. विजेवर चालणाऱ्या उद्योगात २० आणि विजेशिवाय चालणाऱ्या उद्योगात ४० कामगार असले की तो कारखाना ठरतो. पिण्याचे पाणी, संडास, हात धुण्याची जागा, प्रथमोपचार, उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसण्याची सोय, आणि ठरवून दिलेल्या कामगारांची मोफत वार्षिक तपासणी या गोष्टी त्यात येतात. जादा कामाला दुप्पट दर हा जुना नियमही कायम आहे. पाळणाघर, उपाहारगृह वगैरे सोयी कामगारसंख्येवर अवलंबून असल्याने आपल्या युनिटला नेमके काय लागू होते ते कामगार सल्लागाराकडून एकदा लेखी घ्यावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची २०१३ च्या कायद्यानुसारची अंतर्गत समिती हवी, आणि तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर मराठीत लावलेली हवीत.

ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, हिशेब मात्र नीट समजून घ्यावा, कारण तो छोट्या उद्योगाचा सर्वांत स्वस्त आरोग्य विमा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन ही त्याची सर्वसाधारण मर्यादा आहे. वेतनाच्या ३.२५ टक्के मालकाने आणि ०.७५ टक्का कामगाराने भरायचे असतात. त्या बदल्यात कामगाराला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. जवळचा दवाखाना कोणता आणि संलग्न रुग्णालय कोणते हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नोंदणी आहे पण कार्ड कोणाकडेच नाही, अशी स्थिती असेल तर कार्डे काढून देण्यासाठी दोन दिवस माणूस बसवणे हाच त्या महिन्याचा आरोग्य कार्यक्रम समजावा. जे ईएसआयमध्ये बसत नाहीत त्यांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची आणि आयुष्मान कार्डाची कागदपत्रे पूर्ण करून द्यावीत.

चौथी पायरी : कामच दुरुस्त करा

इथे थोडे थांबून एकाच कामाकडे जवळून पाहू, कारण पैसा इथेच आहे. काजू सोलणीचा हॉल घ्या. भट्टीतून वाळून आलेला गर परातीत पडलेला असतो आणि प्रत्येक बाई हातातल्या छोट्या सुरीने त्याची तांबूस साल काढत असते. बसायला पाट किंवा जमिनीवर पोते, मान खाली, डोळे हातभर अंतरावरच्या गरावर. सालीचा भुसा उडतो म्हणून पंखा अनेकदा बंद. वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा, आणि एप्रिल-मे महिन्यांतली कोकणातली दमट हवा. दुपारी दोननंतर त्या परातीकडे पाहिले तर सकाळच्या तुलनेत पाकळी आणि तुकडा वाढलेला दिसतो. अख्ख्या गराला बाजारात जो भाव मिळतो तो पाकळीला मिळत नाही आणि तुकड्याला तर त्याहून कमी. म्हणजे बाईच्या मानेचे आणि डोळ्यांचे दुखणे मालकाच्या प्रतवारीत उतरते.

हिशेब मांडून पाहा. खालचे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी आपले घालावेत. समजा ४० बायका रोज प्रत्येकी ८ किलो गर सोलतात, म्हणजे एकूण ३२० किलो. सोलताना होणारी तूट, म्हणजे गर तुटण्याचे प्रमाण, १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली तर रोज ६.४ किलो गर अख्खा वाचतो. अख्खा आणि तुकडा यांच्या भावात किलोमागे १५० रुपयांचा फरक धरला तर रोजचे ९६० रुपये आणि २५ दिवसांच्या महिन्याचे २४,००० रुपये होतात. पाठ टेकता येणाऱ्या ४० खुर्च्या, कंबरेच्या उंचीची टेबले आणि चांगले दिवे यांना समजा मिळून ८०,००० रुपये लागले, तर साडेतीन महिन्यांच्या आत रक्कम सुटते. सगळे श्रेय खुर्चीला देऊ नये, माल चांगला आला म्हणूनही तूट कमी होते. निम्मेच श्रेय दिले तरी सात महिन्यांच्या आत खर्च भरून येतो.

खुर्च्या आणल्या आणि बायका पुन्हा जमिनीवर बसल्या, असेही होते. जन्मभर मांडी घालून काम केलेल्या बाईला उंच टेबल सुरुवातीला परके वाटते, पाय लोंबकळतात, आणि किलोवर मजुरी असल्याने पहिल्या आठवड्यात कमाई घटते. म्हणून चार-पाच जणींपासून सुरुवात करावी, पायाखाली फळी द्यावी, आणि सवय होईपर्यंत मागच्या महिन्याच्या सरासरीइतकी मजुरी बांधून द्यावी. ज्यांना जमिनीवरच बरे वाटते त्यांना जाड बैठक आणि भिंतीचा आधार द्यावा. हाच नियम विश्रांतीला लागू आहे. नगावर किंवा किलोवर मजुरी असेल तर दहा मिनिटांची सुट्टी फुकट मिळाली असे कोणालाही वाटत नाही, तेवढी कमाई बुडाली असेच वाटते. सकाळ-दुपारची छोटी सुट्टी द्यायची तर ती दरात धरूनच द्यावी लागते.

उष्णतेवरचा खर्च सर्वांत सहज पटवून देता येतो. भारतीय कारखान्यांच्या आकडेवारीवरील एका मोठ्या अभ्यासात वार्षिक सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की कारखान्याचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते असे दिसले होते. उष्ण दिवसांनंतर गैरहजेरीही वाढलेली आढळली. बंगळुरूच्या परिसरातील कपडे शिवण्याच्या कारखान्यांत जुने दिवे काढून एलईडी लावले गेले तेव्हा विजेची बचत झालीच, शिवाय दिव्यांची उष्णता कमी झाल्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांत उत्पादनही सुधारले. आपल्याकडे करण्यासारखे म्हणजे पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग, त्याखाली छत, भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारे पंखे म्हणजे भुसा न उडता हवा खेळेल, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला माठ. आमसुलाचे सार किंवा लिंबूसरबत दुपारी द्यावे. ते स्वस्त आहे आणि माणसे आवडीने पितात.

काजू फोडण्याच्या विभागात प्रश्न हातांचा असतो. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, बोटे काळी पडतात, सोलवटतात. जाड रबरी हातमोजे दिले की पात्यावरची पकड जाते, म्हणून ते गुंडाळून बाजूला ठेवले जातात आणि मालक म्हणतो, देऊनही वापरत नाहीत. दोन-तीन प्रकारचे पातळ मोजे आणून कामगारांना स्वतः निवडू द्यावेत, फाटले की विचारपूस न करता बदलून द्यावेत, आणि कामाआधी हाताला लावायला खोबरेल व नंतर धुवायला साबण-कोमट पाणी ठेवावे. मासळी केंद्रात याच जागी बर्फातल्या पाण्याने बधिर होणारी बोटे, ओली फरशी आणि कोळंबीच्या काट्याच्या जखमा येतात. तिथे गमबूट, उभे राहण्याच्या जागी रबरी मॅट आणि हात शेकायला मिळणारी पाच-दहा मिनिटे यांनी काम भागते.

पाचवी पायरी : तपासणी थोडी, पण तिच्या पुढचे काम पूर्ण

शिबिरात पंचवीस चाचण्यांचे पॅकेज घेण्याचा मोह टाळावा. ज्या तपासणीनंतर आपण काही करू शकतो तीच करावी. माझ्या मते चार पुरे: जवळची नजर, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि रक्तातील साखर. यात नजर मी मुद्दाम पहिली ठेवली आहे. आसाममध्ये चाळिशीपुढच्या ७५१ चहा खुडणाऱ्या मजुरांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की, निम्म्यांना जवळचा चष्मा मोफत दिल्यावर त्यांची खुडणी चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. काजू सोलणाऱ्या, गराची प्रतवारी करणाऱ्या आणि कोळंबी साफ करणाऱ्या आपल्या कित्येक बायका याच वयाच्या आहेत, आणि चाळिशी लावायची लाज किंवा पैशांची अडचण यामुळे त्या तशाच डोळे ताणत बसतात. काही शे रुपयांच्या चष्म्याइतका परतावा देणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

हिमोग्लोबिन दुसरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. अडचण त्या नियमाने घेण्याची असते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते, म्हणून कारखान्याच्या चहाची वेळ जेवणापासून तासभर तरी दूर न्यावी. गोळी दुपारी सगळ्यांनी एकत्र, लिंबाच्या पाण्याबरोबर घेण्याची पद्धत पाडली तर चुकण्याचे प्रमाण घटते. रक्तदाबाबाबत डॉक्टरांकडून सुकी मासळी आणि लोणच्यातल्या मिठाचे दोन शब्द ऐकवावेत. ते फारसे कोणी मानणार नाही, पण गोळी वेळेवर घेण्याचे मानतील.

तपासणीचा निकाल कोणाला कळावा याचा नियम शिबिराआधी लिहून भिंतीवर लावावा. कागद बंद पाकिटात कामगाराच्या हाती जाईल, व्यवस्थापनाला नावाशिवाय फक्त एकूण आकडे मिळतील, आणि निकालावरून कोणाचेही काम जाणार नाही. गर्भधारणेची चाचणी कारखान्याने कधीही करू नये. हा नियम एकदा मोडला की गावात दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते आणि पुढच्या शिबिराला कोणी फिरकत नाही.

पाऊस, रान आणि बोट

कोकणात जून ते सप्टेंबर हा आरोग्याच्या दृष्टीने वेगळा कारभार आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात येतात आणि अंगावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. ज्यांच्या बोटांची कातडी काजूच्या तेलाने आधीच फाटलेली आहे आणि जे घरी जाऊन भातखाचरात उतरतात, त्यांना धोका दुहेरी असतो. मे संपण्याआधी गोदामातल्या उंदरांचा बंदोबस्त, गोणी जमिनीपासून वर ठेवण्यासाठी फळ्या आणि जखमांची मलमपट्टी एवढे करावे. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्यांत दुखणे असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जाण्यासाठी भरपगारी अर्धा दिवस द्यावा, कारण या आजारात उशीर जिवावर बेततो.

दोडामार्ग, सावंतवाडी भागातल्या काजू बागायतदारांनी माकडतापाचा विचार हंगामाआधी करावा. हा आजार गोचिडीमुळे पसरतो, सिंधुदुर्गात तो २०१६ पासून ठळकपणे दिसला आहे, आणि काजू वेचणीचे महिने व त्याचे महिने एकच आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचीड दूर ठेवणारे तेल, घरी गेल्यावर गरम पाण्याची आंघोळ आणि मेलेले माकड दिसल्यास आरोग्य खात्याला तत्काळ कळवणे, या सूचना मुकादमाला तोंडपाठ हव्यात.

मच्छीमार बोटींच्या मालकांना तपासणीसाठी १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ सोयीचा वाटतो, पण तेव्हा खलाशी आपापल्या गावी, काही तर नेपाळला, गेलेले असतात. तपासणी ऑगस्टच्या सुरुवातीला, बोटी पाण्यात जाण्याआधी धक्क्यावरच ठेवावी. समुद्रावर अनेक दिवस काढणाऱ्या माणसांच्या दारूचा आणि एकटेपणाचा प्रश्न अवघड आहे. तो दम देऊन सुटत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू असून त्यावर मराठीतही बोलता येते. तो बोटीच्या केबिनमध्ये आणि कारखान्याच्या जेवणाच्या जागेत लावून ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या अंदाजाप्रमाणे नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. त्यातले किती आपल्या मस्टरमध्ये 'आ' म्हणून लपलेले आहेत, हे कोणतीही खूण सांगू शकणार नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या उद्योजकांना हे वेगळे सांगावे लागत नाही, तरी इतरांसाठी लिहितो: प्रत्येक कामगाराचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा फोन क्रमांक कागदावर असावा, आणि पुराच्या दिवसांचा पगार मिळणार की नाही हे मे महिन्यातच जाहीर व्हावे.

शेवटची पायरी : मोजणी

एकाच वेळी सगळीकडे सर्व काही सुरू करू नये. दोन हॉल असतील तर बदल आधी एका हॉलमध्ये करावेत आणि तीन महिन्यांनी दुसऱ्यात. त्या तीन महिन्यांत दोन्ही हॉलांची तुलना करता येते आणि इलिनॉयच्या प्रयोगातला धडा, म्हणजे मुळात चांगल्या असलेल्यांचे श्रेय कार्यक्रमाने घेऊ नये, आपोआप पाळला जातो. एकच हॉल असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी. एप्रिलची तुलना ऑगस्टशी केली तर हंगामाचा फरक आरोग्याच्या नावावर चढतो.

मोजायचे आकडे चारच ठेवावेत: 'आ' आणि 'घ' खुणांचे दर शंभर कामदिवसांमागचे प्रमाण, तीन महिन्यांत काम सोडून गेलेल्यांची संख्या, तूट किंवा नासाडीची टक्केवारी, आणि प्रथमोपचार पेटी उघडावी लागल्याच्या नोंदी. चौथा आकडा सुरुवातीला वाढेल. आधी लोक जखमेवर हळद लावून गप्प बसत होते, आता सांगू लागले, एवढाच त्याचा अर्थ आहे. भागीदारांना किंवा बँकेला दाखवताना नव्या माणसाला शिकवण्याचा खर्च विसरू नये: शिकाऊ बाई सोलणीत हात बसेपर्यंत जितके तुकडे करते त्यांची किंमत, तिला शिकवणाऱ्या जुन्या बाईचा वेळ, आणि रिकाम्या जागेमुळे लांबलेली पाठवणी. बहुतेक हिशेबांत ही रक्कम शिबिराच्या खर्चापेक्षा मोठी निघते आणि ती आजवर कोणत्याच सदरात लिहिलेली नसते.

पहिल्या वर्षासाठी क्रम असा ठेवता येईल. ऑक्टोबरमध्ये मस्टरच्या खुणा आणि चौकशी. दिवाळीनंतर संडास, पाणी आणि ईएसआय कार्डे. जानेवारीत नजर व रक्ताची तपासणी. हंगामाची गर्दी सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, बैठक आणि छताची कामे. मे महिन्यात पावसाळ्याची तयारी. जून-जुलैत, काम मंद असताना, आकडे काढून बसावे. ही सगळी नोंद एकाच माणसाच्या हाती राहिली तर तो गणपतीला गावी गेल्यावर पंधरा दिवस मस्टर कोरे राहते, तेव्हा खुणा कशा भरायच्या हे दुसऱ्या एकाला श्रावणातच शिकवून ठेवावे.